व्हीपीएन जोडलं की कॉम्प्युटर का अडकतो?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईत नोकरी करणारी खानदेशातली मुलंमुली लॅपटॉप घेऊन अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्रीला घरी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने कॉल सेंटर, बीपीओसारख्या सेवांचे नियम सैल केले आणि घरून काम करणं ही नुसती तात्पुरती सोय राहिली नाही. पुढे बरेच जण परत गेले, काही इथेच राहिले. जळगाव-धुळ्यातल्या व्यापाऱ्यांच्या आणि कर सल्लागारांच्या कचेऱ्यांतही आता टॅलीचा डेटा दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर असू शकतो. या सगळ्यांचं काम व्हीपीएनवरून चालतं, आणि त्यांच्याकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते: व्हीपीएन लावलं की मशीन हँग होतं.

मग मशीन दुकानात जातं आणि फॉरमॅट होऊन परत येतं. दोन दिवसांचा रोज बुडतो, फाइली जातात आणि आठवड्याभरात तीच तक्रार पुन्हा सुरू होते. हे टाळता येतं, म्हणूनच हा लेख. अशा वेळी कॉम्प्युटर बहुतेकदा मेलेला नसतो, तो कशाची तरी वाट पाहत असतो. कोण कोणासाठी थांबलंय एवढं शोधलं की अर्धं काम झालं.

त्यासाठी व्हीपीएन मशीनमध्ये काय बदलतं ते आधी पाहू. व्हीपीएनचं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये एक आभासी नेटवर्क कार्ड तयार करतं. त्या कार्डाचा ड्रायव्हर बहुधा विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. मशीनमधून बाहेर जाणारा डेटा या कार्डात शिरतो, कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होतो आणि मग खऱ्या वाय-फायवरून ऑफिसच्या सर्व्हरकडे जातो. त्याच वेळी दोन गोष्टी गुपचूप बदलतात. कुठला डेटा कुठल्या वाटेने जायचा हा तक्ता बदलतो, आणि नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर बदलतो. आता हे काम ऑफिसचा डीएनएस करतो. अडचण या चारपैकी कुठेही होऊ शकते: ड्रायव्हर, कुलूप, वाट किंवा डीएनएस.

स्क्रीन थिजली की पॉवरचं बटण दाबण्याआधी कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर विंडोजचा गाभा जिवंत आहे, एखादा प्रोग्रॅम तेवढा अडकलाय. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिटेल्स’मध्ये अडकलेल्या प्रोग्रॅमवर उजवी क्लिक केली की ‘ॲनलाइझ वेट चेन’ असा पर्याय मिळतो. फार थोड्यांना तो माहीत असतो. हा प्रोग्रॅम कोणासाठी थांबलाय ते तो सांगतो. तिथे नेटवर्कच्या कामाची वाट पाहतोय असं दिसलं, तर दुकानात जायची गरज नाही.

या प्रकारात फाइल एक्सप्लोररचं अडकणं फार आढळतं. ऑफिसच्या सर्व्हरवरचा फोल्डर आपण ‘झेड’ किंवा ‘वाय’ ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवलेला असतो. व्हीपीएन तुटलं की तो सर्व्हर दिसेनासा होतो, पण विंडोज त्याला हाका मारत राहतं. एकेक प्रयत्न वीसेक सेकंद चालतो आणि तोवर ‘धिस पीसी’ची खिडकी पांढरी पडते. एक्सेलमध्ये अलीकडच्या फाइलींची यादी त्याच ड्राइव्हवरची असेल तर एक्सेलही थांबतं. उपाय सोपा आहे. ते ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा, अडकणं थांबतं का पाहा आणि पुढे व्हीपीएन जोडल्यावरच ते हाताने जोडा. टॅलीचा डेटा फोल्डर असा व्हीपीएनवरून थेट उघडत असाल तर मात्र ड्राइव्ह काढून भागणार नाही. टॅली त्या फाइलींशी सतत छोटी छोटी देवाणघेवाण करते आणि प्रत्येक फेरी दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येते. तिथे रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवरच टॅली चालवणं हाच खरा मार्ग.

डीएनएसचं दुखणंही वाट पाहण्याचंच आहे. व्हीपीएनचा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर विंडोज कधी कधी ऑफिसच्याच डीएनएसला विचारत बसतं. तिथून उत्तर येत नाही आणि ब्राउझरचं प्रत्येक पान उघडण्याआधी काही सेकंद गोठतं. व्हीपीएन नीट ‘डिस्कनेक्ट’ करून पुन्हा जोडलं की बहुधा हे सुटतं. म्हणूनच व्हीपीएन चालू ठेवून झाकण बंद करण्याची सवय सोडलेली बरी.

आता आपल्या भागातली गोष्ट. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो. राउटर मात्र इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. या मिनिट-दोन मिनिटांत व्हीपीएनचा जुना बोगदा, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरशी असलेली जोडणी, तुटलेला असतो, तरी लॅपटॉपवर ‘कनेक्टेड’ अशी हिरवी खूण दिसत राहते. वायरगार्ड हे नवं तंत्र असा खंड बऱ्यापैकी पचवतं. जुन्या पद्धतीचं व्हीपीएन टीसीपीवर, म्हणजे डेटाची पोच घेणाऱ्या पद्धतीवर, चालत असेल तर बाहेरची आणि आतली, अशा दोन टीसीपी जोडण्या हरवलेला डेटा आपापल्या परीने पुन्हा पाठवू लागतात आणि दोन्ही एकमेकींना अडवतात. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये यूडीपीचा, म्हणजे पोच न मागणारा, पर्याय असेल तर तो निवडा. आणि राउटरला छोटा मिनी यूपीएस लावा. माझ्या मते खानदेशात घरून काम करणाऱ्याने पहिला खर्च यावरच करावा.

एक दुखणं मात्र भल्याभल्यांना चकवतं. लॉगिन होतं, चॅट चालते, छोटे मेल येतात, पण मोठी फाइल उघडली की सगळं थिजतं. इथे डेटाच्या पाकिटाचा आकार तपासायचा. साध्या नेटवर्कवर एका पाकिटात जास्तीत जास्त 1500 बाइट मावतात. या मर्यादेला एमटीयू म्हणतात. व्हीपीएन म्हणजे भरलेलं पाकीट आणखी एका मोठ्या लिफाफ्यात घालणं. बाहेरच्या लिफाफ्यालाही जागा लागते, म्हणून आतलं पाकीट लहान करावं लागतं. वायरगार्ड जुन्या आयपीव्ही4 जोडणीवर 60 बाइट आणि आयपीव्ही6 वर 80 बाइट जास्त घेतं, म्हणून ते आपलं पाकीट 1420 धरतं. पण राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड टाकावा लागत असेल, तर ती जोडणी बहुधा पीपीपीओई पद्धतीची असते आणि ती आणखी 8 बाइट खाते. मर्यादा उरते 1492. मग आयपीव्ही6 वर 1420 अधिक 80 म्हणजे 1500, आणि ते तिथे मावत नाही. ‘पाकीट मोठं आहे, लहान करा’ असा निरोप वाटेतल्या उपकरणाने पाठवायचा असतो, पण पुष्कळदा फायरवॉल तोच अडवते. पाठवणारा पुन्हा पुन्हा तेच मोठं पाकीट पाठवतो, ते पोचत नाही आणि आपल्यापुढे गोल चक्र फिरत राहतं.

हे घरीच तपासता येतं. व्हीपीएन बंद करून कमांड प्रॉम्प्टमध्ये एखाद्या वेबसाइटच्या पत्त्यासाठी पिंगची आज्ञा ‘एफ’ आणि ‘एल’ या जोड-खुणांसह द्या आणि आकार 1472 ठेवा. त्यात 28 बाइटांचं शीर्षक मिळवलं की 1500 होतात. ‘तुकडे करावे लागतील’ अशा अर्थाचं उत्तर आलं तर आकार दहा-दहाने कमी करत जा. जिथे नीट उत्तर येतं त्या आकड्यात 28 मिळवा, ती आपल्या लाइनची मर्यादा. वायरगार्डच्या फाइलीत एमटीयूची ओळ घालून आकडा तात्पुरता 1280 करून पाहा. आयपीव्ही6 साठी ही किमान मर्यादा आहे, त्यामुळे हा आकार जवळपास कुठेही मावतो. त्याने अडकणं थांबलं तर रोग सापडला. मग आकडा हळूहळू वाढवता येतो.

कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल, माउस गोठला असेल किंवा निळी स्क्रीन आली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे संशय ड्रायव्हरवर घ्यायचा. कर्नलमधली एक चूक काय करू शकते ते 19 जुलै 2024 ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे 85 लाख मशीन्स कोसळली, आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. घरच्या मशीनवर साधारण कारण असतं एकावर एक चढलेले ड्रायव्हर: दोन व्हीपीएन, त्यावर दोन अँटिव्हायरस, सगळे त्याच डेटाच्या वाटेत बसलेले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ करा, नेटवर्क ॲडॅप्टरखाली काढून टाकलेल्या व्हीपीएनची उरलेली कार्डं दिसली तर ती काढा. वाय-फायचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवा घ्या. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडून लाल फुली कुठल्या तारखेपासून दिसते ते पाहा आणि त्याच दिवशी काय इन्स्टॉल झालं ते शोधा. ‘नेटवर्क रिसेट’ सगळ्यात शेवटी करा, कारण त्यानंतर व्हीपीएनही नव्याने बसवावं लागू शकतं.

उन्हाळ्याचाही विचार करावाच लागतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. कुलूप लावण्या-उघडण्याचं काम प्रोसेसर करतो. जुन्या स्वस्त प्रोसेसरांत त्यासाठीची खास सोय नसते, त्यामुळे त्यांच्यावर ताण जास्त पडतो. पत्र्याच्या खोलीत, पंख्यात धूळ बसलेला लॅपटॉप तापला की आपला वेग आपणच कमी करतो. तेच काम तेवढाच वेळ पहाटे करून पाहा. पहाटे सुरळीत आणि दुपारी अडत असेल तर आधी पंखा साफ करून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. घरच्या वाय-फायऐवजी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरून पाहा. तिथे ठीक चालत असेल तर दोष घरच्या राउटरचा किंवा लाइनचा. लॅपटॉप कंपनीचा असेल तर ड्रायव्हर आणि एमटीयूला स्वतः हात लावू नका. आयटी विभागाला ‘हँग होतं’ एवढंच लिहून पाठवू नका. अडकल्याची नेमकी वेळ, व्हीपीएनची आवृत्ती, कुठल्या नेटवर्कवर झालं, कॅप्स लॉकचं काय झालं आणि वेट चेनमध्ये काय दिसलं ते कळवा. आणि शेवटचं विंडोज अपडेट कधी झालं तेही. 11 जानेवारी 2022 च्या विंडोज अपडेटने एल2टीपी पद्धतीची अनेक व्हीपीएन जोडणंच बंद केलं होतं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली 17 जानेवारीला. त्या आठवड्यात फॉरमॅट करून नवं अपडेट घेतलं असतं, तर दोषही त्यासोबत परत आला असता.