परसातून गॅलरीत

वाडे पाडून फ्लॅट उभे राहिले, त्या काळात पुण्यामुंबईच्या घरांतून परसदार गेलं. नहाणीचं पाणी ज्या वाफ्यात सोडलेलं असे, तिथेच अळू, गवती चहा आणि पुदिना माजलेला असायचा. यातलं विकतचं काहीच नसे. गवती चहाचा ठोंब शेजारून यायचा, पानओव्याची फांदी माहेराहून. फ्लॅटच्या गॅलरीत तुळस तेवढी टिकली आणि पुदिन्यासाठी मंडईतली जुडी घरात येऊ लागली.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत नर्सऱ्या बंद झाल्या, भाजीही हवी तेव्हा मिळेना. मग घरोघरी त्याच जुडीतल्या काड्या पेल्यात उभ्या राहिल्या. काडी फूल न आलेली घ्यायची, पेराच्या जरा खाली कापायची आणि पाण्यात बुडणारी पानं खुडायची. ती कुजली की पाणी नासतं. पाणी दिवसाआड बदललं तर आठवड्या-दीड आठवड्यात पेरापाशी बारीक पांढरी टोकं दिसतात. शेंड्याकडे तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरून कापलेल्या टोकाशी साठतं, त्यानं तिथं मुळं फुटतात. नर्सरीत मिळणाऱ्या मुळं फुटायच्या पुडीत बहुधा याच जातीचं कृत्रिम द्रव्य असतं. पुदिन्याला त्याची गरजच नाही. आणि फांदीतून उगवतं ते नवं झाड नव्हेच, जुन्याच झाडाचं पुढे चालू राहणं असतं. मला या साऱ्यात सर्वात मोलाचं वाटतं ते हेच.

कढीपत्त्यानं मात्र अनेकांची निराशा केली. त्याची काडी सहसा मूळ धरत नाही. मोठ्या झाडाच्या मुळांवरचा फुटवा पावसाळ्यात मुळासकट काढून लावावा, नाहीतर पिकलेल्या फळातलं बी गर काढून ताजंच पेरावं.

टाळेबंदीच्या याच काळात पास्ता-पिझ्झाबरोबर बेसिल आणि रोझमेरी गॅलरीत आल्या. बेसिल तुळशीच्याच कुळातली, पाण्यात चटकन मूळ धरते. रोझमेरीला महिना-दोन महिने लागतात, आणि मुंबई-कोकणच्या दमट पावसात तिची फांदी कुजते. ती हिवाळ्यात, वाळू मिसळलेल्या मोकळ्या मातीत लावावी.

पानओवा मंडईत आजही क्वचितच दिसतो. त्याची भजी खायची तर फांदी कुणाकडून तरी मागूनच आणावी लागते. ती पाण्यात ठेवायचीही गरज नाही. वीतभर तोडून सरळ कुंडीत खोचावी, आणि मूळ धरेपर्यंत पाणी बेतानं घालावं.