टाचेमागील कंडरा : दुखापत, निदान आणि त्यानंतरचे महिने

दरवर्षीच्या प्रघातानुसार अहवालाच्या या पानांत आम्ही एखाद्या आजाराची माहिती सर्वसामान्य वाचकांस समजेल अशा भाषेत देत असतो. यंदाचा विषय ऐकून विश्वस्त मंडळाच्या बैठकीत थोडे आश्चर्य व्यक्त झाले. हृदयविकार, मधुमेह यांसारखे विषय असताना टाचेमागील एका दोरीवर स्वतंत्र लेख कशासाठी, हा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर आमच्या आकस्मिक विभागाच्या नोंदवहीत आहे. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्यामुळे पुढील वैद्यकीय मजकूर अस्थिरोग आणि भौतिकोपचार विभागांतील डॉक्टरांकडून समजून घेऊन व त्यांच्याकडून तपासून घेऊनच दिला आहे.

पावसाळ्यात जवळच्या खेड्यातील एका गृहिणीचा ओल्या शौचालयात पाय घसरला. पाऊल भांड्यात गेले, चिनी मातीची कड फुटली आणि तिने टाचेच्या वर आडवी जखम झाली. गावाजवळच्या एका दवाखान्यात टाके घालण्यात आले. जखम लहान होती, ती भरलीही. बाई लंगडत का होईना, चालत होत्या. त्यामुळे "सूज उतरली की सुटेल" असे घरच्यांना वाटले, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सात आठवड्यांनी त्या आमच्याकडे आल्या, त्या एसटीची पायरी चढता येत नाही म्हणून. आमच्या डॉक्टरांनी त्यांना पालथे झोपवून पोटरी दाबली. पाऊल हलले नाही. त्वचा जुळली होती, परंतु आतील कंडरा पूर्ण तुटलेली होती आणि तिची दोन टोके एकमेकांपासून दूर सरकली होती.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर. बोलीभाषेत आपण रक्तवाहिनीला शीर म्हणतो, मज्जातंतूला शीर म्हणतो आणि कंडरेलाही शीरच म्हणतो. "शीर दुखावली" या एका वाक्यामागे तीन निराळे आजार असू शकतात, आणि मालिश करणारा तिन्हींवर तेच तेल चोळतो. आपल्या परंपरेत हा भेद अज्ञात नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सोळा कंडरांची गणना आहे व त्यांपैकी चार पायांतील आहेत. पाश्चात्त्य वैद्यकात टाचेमागील कंडरेस ग्रीक वीर अकिलीस याचे नाव मिळाले. १६९३ साली फिलिप फेरहेयन या शरीरशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात ते वापरले. अकिलीसची टाच सोडून बाकीचे शरीर अभेद्य होते, अशी ती कथा. आपल्याकडच्या वाचकांस दुर्योधनाची मांडी आठवेल.

ही मानवी शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा होय. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येऊन तिच्यामार्फत टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. मात्र टाचेच्या वर सुमारे २ ते ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो, आणि बहुधा तेथेच ती तुटते. सामान्यतः रुग्ण तीस ते पन्नास वयाचा पुरुष असतो. आठवडाभर खुर्चीत बसून काम केलेले गृहस्थ रविवारी बॅडमिंटन खेळावयास जातात आणि पुढे झेप घेताना "फट्" असा आवाज होतो. पाठीमागून कोणी लाथ मारली असे वाटून ते वळून पाहतात, तर मागे कोणीच नसते. हे वर्णन इतके ठरावीक आहे की, आमचे डॉक्टर ते ऐकताच पोटरीकडे हात नेतात. मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलाची टाच चाकाच्या तारांत जाणे, ऊसतोडीत कोयता लागणे, ही आपल्याकडची आणखी कारणे. सिप्रोफ्लॉक्सासिन व त्या गटातील अन्य प्रतिजैविकांमुळे ही कंडरा क्वचित दुखावते वा तुटते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्या औषधांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. साठीपुढील व स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांना हा धोका अधिक असतो. हे गट आपल्याकडे चिठ्ठीवाचूनही विकत घेतले जातात, म्हणून येथे नमूद केले.

कंडरा तुटूनही मनुष्य चालतो कसा, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. पाऊल खाली दाबण्याचे थोडे काम बोटांचे व घोट्याभोवतीचे इतर स्नायू करतात, त्यामुळे सपाट जमिनीवर पाय ओढत चालता येते. परंतु त्या एकाच पायावर उभे राहून टाच उचलता येत नाही. निश्चित निदानासाठी वर सांगितलेली पोटरी दाबण्याची तपासणी पुरते. रुग्णाची पावले पलंगाच्या कडेबाहेर ठेवावयाची आणि पोटरी हाताने दाबावयाची. कंडरा शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकते. ही पद्धत इंग्लंडमध्ये सिमंड्स यांनी १९५७ साली व अमेरिकेत थॉम्पसन यांनी १९६२ साली नोंदविली. हिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पैसा लागत नाही.

वेळेवर निदान झाल्यास उपचाराचे दोन मार्ग आहेत : शस्त्रक्रियेने टोके शिवणे, किंवा पायाची बोटे खाली झुकवून प्लास्टर वा विशेष बूट घालणे, जेणेकरून टोके जवळ येऊन आपोआप जुळतील. कोणता मार्ग चांगला, याविषयी २०२२ साली नॉर्वेतील ५२६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षअखेर रुग्णांच्या स्वतःच्या अनुभवात दोन्ही मार्गांत लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेविना कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण ६.२ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के होते. उलट शस्त्रक्रियेत मज्जातंतूस इजा होण्याचे प्रमाण अधिक होते, आणि या जागेची त्वचा पातळ असल्यामुळे जखम चिघळण्याचाही धोका असतो, विशेषतः मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांना. यास्तव प्रत्येक तुटलेल्या कंडरेस शस्त्रक्रिया हवीच, असे आमचे डॉक्टर सांगत नाहीत. रुग्णाचे वय, काम व प्रकृती पाहून ते ठरवितात. उघड्या जखमेत मात्र जखम धुऊन कंडरा शिवणेच योग्य ठरते.

आमच्या त्या गृहिणीच्या बाबतीत सोपा मार्ग उरला नव्हता. टोकांमधील अंतर भरून काढण्यासाठी पायाच्या अंगठ्याकडे जाणारी कंडरा टाचेच्या हाडात बसवावी लागली. शस्त्रक्रिया मोठी, मुक्काम मोठा आणि खर्चही मोठा. पहिल्याच दिवशी जखमेवर टाके घालण्यापूर्वी पोटरी दाबली गेली असती, तर हे सारे टळते.

शस्त्रक्रिया होवो वा न होवो, पुढचे महिने सारखेच असतात, आणि लेखाचे खरे कारण तेच आहे. बुटातील टाचेखाली पाचरी असतात. साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत त्या एकेक करून काढतात. मग भौतिकोपचार सुरू होतो. पहिले तीन महिने कंडरा पुन्हा तुटण्याचा धोका सर्वाधिक असतो. उकिडवे बसणे या काळात पूर्ण वर्ज्य, म्हणजे चूल, धुणे आणि देशी पद्धतीचे शौचालय या तिन्हींची पर्यायी सोय हवी. धावणे चार ते सहा महिन्यांनी, खेळ त्याहूनही उशिरा. क्रिकेटपटू मोहम्मद शमी यांच्या टाचेच्या कंडरेवर फेब्रुवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ते मैदानावर परतले नोव्हेंबरमध्ये, तेही दिमतीस तज्ज्ञांचा ताफा असताना.

येथे आमची एक चूक नोंदविणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका शेतमजुराची कंडरा आम्ही शिवली. देयक संपूर्णपणे निर्धन रुग्ण निधीतून माफ झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम या निधीत जमा करावयाची असते. हिशेब चोख होता. अहवालात एक यशस्वी शस्त्रक्रिया वाढली. ते गृहस्थ तिसऱ्या भेटीनंतर भौतिकोपचारास आले नाहीत, कारण प्रत्येक फेरीला दोघांचे तिकीट आणि दोघांची मजुरी बुडत होती. त्यांनी बूट काढून ठेवला व कामावर गेले. बांधावरून उतरताना कंडरा पुन्हा तुटली. आमच्या लेखी ते केव्हाच बरे झालेले होते. खाटेचा हिशेब ठेवणाऱ्या आम्हाला खाट रिकामी झाल्यानंतरचा हिशेब ठेवावा, हे सुचले नव्हते.

तेव्हापासून दोन बदल झाले. टाचेवरील प्रत्येक जखमेच्या नोंदीत "पोटरी दाबून पाहिली" असा रकाना आहे व तो भरल्याशिवाय केसपेपर पुढे जात नाही. दुसरे म्हणजे, देणगीदारांच्या अनुमतीने रुग्ण-प्रवास साहाय्य असे स्वतंत्र खाते उघडले. देणगी देताना यंत्रावर वा खोलीच्या दारावर नाव असावे, अशी इच्छा स्वाभाविक आहे. एसटीच्या तिकिटावर ते घालता येत नाही. तरीही काही दात्यांनी या खात्यास आवर्जून रक्कम दिली, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट असल्याने रक्कम थोडी अधिक पुरते. लेखापरीक्षकांनी प्रत्येक खर्चास पुरावा मागितला, तोही योग्यच. म्हणून रुग्ण आता तिकिटे जपून आणतात आणि भौतिकोपचाराच्या खिडकीवर ती वहीत चिकटवून सही घेतली जाते. त्या गृहिणीच्या नावापुढे आजवर एकोणीस तिकिटे आहेत. गेल्या भेटीत त्या दोन्ही पायांवर टाचा उचलून उभ्या राहिल्या. एका पायावर अद्याप नाही.