जपानच्या फोटोंत विहार कोणते आणि शिंतो देवस्थान कोणते?

जपान फिरून आलेल्या बांधवांचे फोटो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमी येतात. क्योटोच्या फुशिमी इनारीतली केशरी कमानींची लांबच लांब रांग त्यांत हमखास असते आणि खाली ओळ असते, 'जपानमधील प्राचीन बौद्ध विहार'. ते विहार नाही. ते शिंतो धर्माचे देवस्थान आहे. टोकियो, कामाकुरा, नारा आणि क्योटो पाहून आल्यावर आम्ही आमच्या फोटोंना नावे द्यायला बसलो, तेव्हा हा फरक सर्वांसाठी मांडावा असे वाटले.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. नावाच्या शेवटी 'जिंजा', 'जिंगू' किंवा 'ताइशा' असेल तर ते शिंतो देवस्थान. 'जी', 'इन' किंवा 'देरा' असेल तर बहुधा बौद्ध विहार. जसे तोदाइजी, कियोमिझुदेरा. प्रवेशावरची 'तोरी' नावाची कमान ही शिंतोची खूण. बुद्धमूर्ती, पॅगोडा आणि मोठे धूपपात्र या विहाराच्या खुणा. शिंतो देवस्थानात टाळ्या वाजवून वंदन करतात, विहारात शांतपणे हात जोडतात.

तरीही काही फोटो गोंधळात टाकतात. टोकियोच्या आसाकुसा भागात अवलोकितेश्वराचे सेन्सोजी विहार आहे आणि त्याला लागूनच आसाकुसा जिंजा. आख्यायिकेनुसार ज्या कोळी भावांना नदीत अवलोकितेश्वराची मूर्ती सापडली, त्यांनाच तिथे देव मानून पूजतात. अशी सरमिसळ जपानमध्ये हजारभर वर्षे होती. १८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध स्थळे वेगळी करण्याचे आदेश काढले. सम्राटाच्या सत्तेला शिंतोचा आधार द्यायचा होता. त्यानंतर उसळलेल्या बौद्धविरोधी लाटेत अनेक विहार मोडले, मूर्ती फोडल्या, ग्रंथ जाळले. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमांगूतल्या बौद्ध वास्तूही पाडल्या गेल्या. तिथला पॅगोडा आज पाहायचा तर त्या काळच्या जुन्या छायाचित्रांतच.

नाराचे हरणांसोबतचे फोटो पाहून अनेकांना सारनाथचे मृगदाय आठवते. प्रत्यक्षात ही हरणे कासुगा या शिंतो देवस्थानाच्या देवाचे दूत मानली जातात. मात्र ज्या नारा पार्कमध्ये ती फिरतात, त्यातली बरीच जमीन कोफुकुजी विहाराची होती. १८६८ नंतर तिथले भिक्खू कासुगाचे पुजारी झाले, विहार ओस पडले आणि १८८० मध्ये त्या आवारावर सार्वजनिक उद्यान उभे राहिले.

तिथून थोड्या अंतरावर तोदाइजीचा महाबुद्ध आहे. ७५२ मध्ये त्या मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्खूच्या हातून झाला. आपल्या ग्रुपवर फिरायला हवा तो हा फोटो, या माहितीसह.

आपल्याकडे लेण्यांवर आणि विहारांवर झालेल्या अतिक्रमणांबद्दल आपण पुराव्यानिशी बोलतो. पुरावा मागणाऱ्यांनी स्वतःच्या फोटोखाली चुकीची ओळ लिहिली, तर समोरचा तीच चूक दाखवून आपले खरे मुद्देही उडवून लावतो. म्हणून फोटो पुढे पाठवताना स्थळाचे नाव, शहर आणि ते विहार आहे की शिंतो देवस्थान, एवढे तरी तपासून लिहावे.