जिव्हावेध : हौस, शास्त्र आणि विवेक

कान व नाक टोचणे आपल्या समाजाला नवे नाही. बाळ काही महिन्यांचे झाले की सोनाराला बोलाविले जाते, तार ओवली जाते आणि रडणाऱ्या बाळाच्या हातावर गूळ-खोबरे ठेवले जाते. 'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हणही याच रिवाजातून आली. परंतु गेल्या काही वर्षांत तरुण पिढी भुवई, ओठ, नाभी आणि जीभ टोचून घेऊ लागली आहे. सारंगखेड्यासारख्या तापीकाठच्या गावातही हा विषय आता वैद्याच्या दारी येऊन पोहोचला आहे. पुण्या-नाशिकला शिकणारी मुले-मुली दत्तजयंतीच्या यात्रेला गावी येतात आणि त्यांच्यासोबत ही नवी हौसही येते. या हौसेला 'पाश्चात्त्यांचे खूळ' म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. तथापि विचारावयास आलेल्या व्यक्तीला वैद्याकडून तिरस्कार नको असतो, निर्णयासाठी आधार हवा असतो. तो आधार कोणता, याचा ऊहापोह करण्याचा हा प्रयत्न आहे.

कर्णव्यध : आचार्यांचा मापदंड

शरीराला हेतुपुरस्सर छिद्र पाडण्याचा सर्वांत सुव्यवस्थित विधी सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात वर्णिला आहे. कर्णवेधाचे हेतू दोन : रक्षा आणि भूषण. काळ सहावा किंवा सातवा महिना. बालकाला मांडीवर घेऊन खेळण्याने रमवावे, डाव्या हाताने कानाची पाळी ताणावी आणि सूर्यप्रकाशात जे 'दैवकृत छिद्र' दिसते तेथेच सरळ, सावकाश वेध करावा, असे आचार्य सांगतात. दैवकृत छिद्र म्हणजे जेथून प्रकाश पार होतो, जेथे सिरा आड येत नाही अशी जागा. रक्त फार आले किंवा वेदना अधिक झाली तर वेध अन्य जागी झाला असे समजावे.

अज्ञानाने कालिका, मर्मरिका किंवा लोहितिका या सिरांचा वेध झाल्यास होणारे उपद्रवही आचार्यांनी वेगवेगळे सांगितले आहेत. ज्वर, दाह, शोथ आणि ग्रंथी यांपासून थेट मन्यास्तंभ व अपतानकापर्यंत ही यादी जाते. अपतानकाचे वर्णन वाचताना धनुर्वाताची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. वेधानंतर कापसाची वात, आमतैलाचे परिषेचन, दर तीन दिवसांनी अधिक जाड वात असा पश्चात्कर्माचा क्रम दिला आहे. वेध बिघडल्यास वात काढून लेप लावावा आणि व्रण भरल्यावर पुन्हा वेध करावा, इतका बारीक विचार तेथे आहे.

यातून निघणारा मापदंड असा : हेतू स्पष्ट हवा, जागा निर्दोष हवी, वेध करणारा जाणता हवा आणि नंतरची निगा ठरलेली हवी. हाच मापदंड जिभेला लावून पाहू.

जीभ म्हणजे कानाची पाळी नव्हे

कानाची पाळी ही त्वचा व मेद यांची, बाहेरची आणि कोरडी जागा. जीभ कफ, रक्त व मांस यांच्या सारापासून उत्पन्न होते असे सुश्रुत सांगतात. ती रसनेंद्रियाचे अधिष्ठान आहे, बोधक कफाचे स्थान आहे आणि वाणी तिच्यावाचून फुटत नाही. शारीरस्थानात जिभेच्या छत्तीस सिरा सांगून त्यांपैकी दोन रसवह व दोन वाग्वह सिरा अवेध्य मानल्या आहेत. जिभेखालचा सिरावेध शास्त्राला मान्य आहे, पण तो जिव्हारोग व दंतरोग यांच्या चिकित्सेसाठी. भूषणासाठी जिव्हावेध संहितेत सांगितलेला नाही.

'आपल्याही परंपरेत जीभ टोचतात' असा युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो. तो अर्धवट खरा आहे. तैपूसमच्या उत्सवात मुरुगनचे तमिळ भक्त जिभेतून व गालातून लहान भाला आरपार नेतात. हठयोगात खेचरी मुद्रेसाठी जिभेखालचा बंध क्रमाक्रमाने छेदण्याचा विधी आहे. परंतु भक्ताचा भाला उत्सव संपताच काढला जातो. खेचरीचा साधक गुरूच्या देखरेखीखाली असतो आणि जिभेत धातू ठेवून हिंडत नाही. वर्षानुवर्षे तोंडात राहणाऱ्या दागिन्याला या दोन्ही उदाहरणांचा आधार देता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही धार्मिक विधीनुसार मुलांचे कान-नाक टोचणे अपवाद म्हणून वगळले आहे. तेथे जिभेचा उल्लेख नाही.

प्रत्यक्ष काय घडते

जिव्हावेध सामान्यतः जिभेच्या मध्यरेषेवर, जिभेखालच्या बंधाच्या पुढे केला जातो, कारण मोठ्या रक्तवाहिन्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना असतात. कुशल माणूस जीभ उचलून, खाली उजेड धरून सिरा पाहून घेतो. दैवकृत छिद्र शोधण्याचाच हा एक प्रकार म्हणावयाचा. पोकळ सुईने वेध करून दोन्ही टोकांना गोळ्या असलेली धातूची दांडी बसवितात. पहिल्या तीन ते पाच दिवसांत जीभ चांगलीच सुजते, म्हणून आरंभी लांब दांडी वापरतात. सूज उतरल्यावर ती बदलून आखूड घालणे आवश्यक असते. उपद्रव न झाल्यास व्रण साधारणतः चार ते सहा आठवड्यांत भरतो.

उपद्रवांचे दोन गट पाडणे सोयीचे ठरते.

आशुकारी उपद्रव : रक्तस्राव, पूय, गिळण्यास त्रास आणि क्वचित जिभेखाली व हनुवटीखाली पसरणारा गंभीर शोथ. आधुनिक वैद्यकात यास 'लुडविग्ज अँजायना' म्हणतात. यात श्वासमार्ग बंद होण्याचे भय असते. सुश्रुतांनी जिव्हागत रोगांत 'अलास' वर्णिला आहे : जिभेखाली कफरक्तजन्य गाढ शोथ, जिभेचा स्तंभ आणि मूळाशी पाक. आचार्यांनी तो असाध्य गणला, यातच त्याचे गांभीर्य आले. हृदयाच्या झडपांचा विकार असलेल्यांत मुखातील जंतू रक्तात जाऊन हृदयाच्या अंतःस्तराचा शोथ होऊ शकतो. सुई निर्जंतुक नसेल तर हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो.

चिरकारी उपद्रव : हे सावकाश, वेदनेवाचून घडतात, म्हणूनच अधिक फसवे असतात. बोलताना, गिळताना आणि नकळत चाळा म्हणून ती गोळी खालच्या पुढच्या दातांवर व त्यांच्या आतील हिरडीवर सतत आपटते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ प्रौढांच्या एका अमेरिकी अभ्यासात लांब दांडी दोन वा अधिक वर्षे वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांची आतील हिरडी खाली सरकलेली आढळली. चार वा अधिक वर्षे दागिना असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांच्या दातांचे टवके उडाले होते.

येथे निर्णयाचा गाभा आहे. 'नको वाटले तर काढून टाकू' असे तरुण म्हणतात. दागिना काढला की छिद्र बहुधा बुजते, हे खरे. पण सरकलेली हिरडी आपोआप परत चढत नाही आणि दाताचा टवका पुन्हा उगवत नाही.

एक संवाद

आमच्या चिकित्सालयात एक एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी आईसोबत आली होती. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हिला तुम्हीच समजवा. जीभ टोचायची म्हणते." मुलगी शांतपणे म्हणाली, "माझं नाक टोचलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं का, सर? आता मी स्वतः विचारते आहे, तर सगळे रागावतात."

तिचा मुद्दा बिनतोड होता. कर्णवेधात निर्णय पालकांचा असतो. येथे एक सज्ञान व्यक्ती स्वतःच्या शरीराविषयी प्रश्न करीत होती आणि प्रश्न करणे हेच 'धी'चे लक्षण आहे. आम्ही 'करू नकोस' असे म्हटले नाही. वर दिलेली सर्व माहिती तिला सांगितली आणि नेहमीप्रमाणे कुलवृत्त विचारले. तेव्हा कळले की तिच्या आत्याच्या मुलाला सिकलसेलचा आजार आहे आणि हिची तपासणी कधीच झालेली नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील वैद्याला या माहितीचे महत्त्व सांगावयास नको. सिकलसेल असलेल्या रुग्णात निर्जलता आणि संसर्ग ही वेदनेचा तीव्र झटका आणणारी दोन प्रमुख कारणे आहेत. जीभ सुजल्यामुळे तीन-चार दिवस पाणीही नीट पिता आले नाही, तर ही दोन्ही कारणे एकत्र येतात. वाहकाला सहसा त्रास होत नाही, परंतु आपण वाहक आहोत की रुग्ण, हे आधी ठाऊक असावे लागते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून शासकीय आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते. मुलीची तपासणी झाली. ती वाहक निघाली. त्यानंतर वडिलांनीही तपासणी करून घेतली. या ज्ञानाचे मोल तिच्या पुढील आयुष्यात, विशेषतः विवाहाच्या वेळी, जिभेच्या दागिन्याहून कितीतरी अधिक आहे. जिभेचा निर्णय परीक्षेनंतर घेण्याचे तिने ठरविले. तो आजही तिच्याच हाती आहे.

कोणी टाळावे

खालील व्यक्तींना आम्ही स्पष्ट निषेध सांगतो :

१. सिकलसेलचे रुग्ण, रक्तस्रावाचा विकार असणारे व रक्त पातळ करणारी औषधे घेणारे.
२. हृदयाच्या झडपांचे विकार, विशेषतः आमवातिक ज्वराचा इतिहास असणारे.
३. अनियंत्रित प्रमेही, गर्भिणी व व्याधिक्षमत्व घटलेले रुग्ण.
४. तंबाखू, गुटखा वा सुपारी चघळणारे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडे अजून सांगतात ते वेगळेच. ज्याचे तोंड पुरते उघडत नाही त्याने जिव्हावेधाचा विचारही करू नये.
५. निकेलची ॲलर्जी असणारे. नकली दागिन्याने कान चिघळण्याचा पूर्वेतिहास अवश्य विचारावा.
६. गायक, कीर्तनकार, शिक्षक अशा वाणीवर उपजीविका असणाऱ्यांनी विशेष विचार करावा. त, द, न, ल, स हे वर्ण जिभेच्या टोकाने दातांपाशी उमटतात. तेथे अडथळा आला की उच्चार बोबडे होऊ शकतात.

निर्णय झालाच तर

सर्व जाणूनही एखाद्या निरोगी, सज्ञान व्यक्तीने निर्णय केलाच, तर तिला वाऱ्यावर सोडणे वैद्यधर्मास धरून नाही. त्रिविध कर्माच्या क्रमाने मार्गदर्शन करावे.

पूर्वकर्म : रक्ततपासणी, दंतपरीक्षण, धनुर्वाताची व हिपॅटायटिस बी ची लस. यात्रेतील दुकानात किंवा फिरत्या गोंदणाऱ्याकडे हे मुळीच करू नये. तेथे एकच सुई किती जणांना लागली, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे तोंड उघडून दात पाहिल्यावाचून सौदा होत नाही. मग स्वतःचे तोंड दुसऱ्याच्या हाती देताना त्याचे हात, हातमोजे आणि सुईचे बंद पाकीट पाहून घेण्यात संकोच कसला?

प्रधानकर्म : सुई एकदाच वापरावयाची, दागिना वैद्यकीय दर्जाच्या टायटॅनियमचा. आम्ही स्वतः हे कर्म करीत नाही आणि शालाक्यतंत्राचे विशेष शिक्षण नसलेल्या वैद्यांनी ते करू नये असे आमचे मत आहे. जीभ दुभंगून घेण्याचा प्रकार तर सर्वथा निषिद्ध होय. डिसेंबर २०२४ मध्ये तामिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे असे छेदन करणाऱ्या टॅटू केंद्राच्या चालकाला अटक झाली होती.

पश्चात्कर्म : पहिले काही दिवस थंड, मऊ, द्रव आहार द्यावा : पेज, दूध, ताक न घातलेला मऊ भात. खानदेशी माणसाला हे कठीण जाते. नंदुरबारची मिरची, ठेचा व शेवभाजी व्रण भरेपर्यंत वर्ज्य. मद्य व धूम्रपान वर्ज्य. प्रत्येक आहारानंतर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने किंवा यष्टिमधू व त्रिफळा यांच्या गाळलेल्या काढ्याने गंडूष करावा. येथे कवल नव्हे, गंडूषच, कारण खुळखुळण्याने व्रण दुखावतो. घरगुती हळद वा राख छिद्रात भरू नये. सूज उतरताच लांब दांडी बदलून आखूड घालावी. त्यानंतर दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून हिरडी तपासून घ्यावी. शस्त्रकर्म किंवा एमआरआय तपासणीपूर्वी दागिन्याची माहिती द्यावी. रक्तदानही वर्षभर करता येत नाही.

ज्वर, हनुवटीखाली कठीण सूज, लाळ गिळता न येणे किंवा श्वासास त्रास यांपैकी एकही लक्षण दिसल्यास काढे-लेपांत वेळ दवडू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. पूय झाले असता घाईने दागिना उपटू नये. छिद्र वरून बुजून पूय आत कोंडले जाते. तो निर्णय तज्ज्ञाने घ्यावा.

उपसंहार

हेतूने जागेचे मोल बदलते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानेखाली लुळे पडलेल्या अकरा रुग्णांनी जिभेत चुंबकयुक्त दागिना बसवून केवळ जीभ हलवून चाकाची खुर्ची चालविली. मणक्याला इजा झाली तरी जिभेची चेतना मेंदूतून थेट येते, म्हणून हे शक्य झाले. त्या रुग्णांसाठी जिव्हावेध सार्थ होता. रक्षा व भूषण या दोन हेतूंत आचार्यांनी रक्षेला आधी का ठेवले, हे यावरून कळते.

निव्वळ भूषणासाठी विचारणाऱ्यास आमचा कौल नकाराकडे झुकतो, हे आम्ही लपवीत नाही. परंतु कौल देणे आणि निर्णय हिरावून घेणे यांत अंतर आहे. रागावून परत पाठविलेला तरुण जीभ टोचण्याचे थांबत नाही, तो फक्त वैद्याला विचारण्याचे थांबतो. मग तो आपल्याला भेटतो तो चौथ्या दिवशी, सुजलेल्या जिभेने, बोलता न येण्याच्या अवस्थेत. त्याला बोलता येत असतानाच त्याचे ऐकून घ्यावे, एवढीच वैद्यबंधू-भगिनींना विनंती.