दोन शहरांत एकच हिशेब

एटीएममधून पैसे काढले की खात्यात लगेच नोंद होते. जगातल्या अनेक मोठ्या बँकांत हे काम मेनफ्रेम संगणक करतात. पण संगणक ठेवलेली इमारतच उद्ध्वस्त झाली तर? ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर अमेरिकी वित्तसंस्थांना हा प्रश्न टाळता येईना. नोंदींची दुसरी प्रत दूरच्या केंद्रात ठेवणे भागच होते.

मेनफ्रेम आणि डिस्क यांच्यामध्ये स्विच असतो. टेलिफोन एक्स्चेंजसारखा तो हवी ती जोडणी करून देतो. आयबीएमच्या ‘फायकॉन’ पद्धतीत पूर्वी वाटेत एकच स्विच चाले, कारण पत्ता एका बाइटचा होता. त्यात फक्त पोर्टचा क्रमांक मावे. २००३ मध्ये दोन बाइटचा पत्ता आला: पहिला बाइट स्विचचा, दुसरा पोर्टचा. जणू घर क्रमांकाआधी गावाचे नाव लिहिता येऊ लागले! त्यामुळे एका केंद्रातला स्विच दुसऱ्या केंद्रातल्या स्विचला जोडता आला. यालाच कॅस्केडिंग म्हणतात. अनेक लांबलचक केबलींऐवजी मोजक्या सामाईक जोडण्या पुरू लागल्या.

मात्र ‘गावांची नावे’ बदलली तर नोंदी भलतीकडे जातील. म्हणून प्रत्येक स्विचचा क्रमांक पक्का केलेला असतो. वीज जाऊन आली तरी तो बदलत नाही. यादीत नसलेल्या स्विचला जाळ्यात प्रवेशच नसतो. काम थांबलेले चालेल, नोंद चुकलेली चालणार नाही, हा त्यामागचा विचार.

दुसरी अडचण अंतराची. काचेच्या तंतूतून प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोमीटर जाऊन येण्यात एक मिलिसेकंद जातो. पलीकडे जागा रिकामी झाल्याचा निरोप आल्याशिवाय इकडून नवा माहितीसंच सुटत नाही. रिकामे क्रेट परत आल्यावरच दूध भरून पाठवावे, तसे हे. क्रेट कमी पडले तर रस्ता मोकळा असूनही गाडी उभी राहते. सेकंदाला ८ गिगाबिटच्या जोडणीला १०० किलोमीटरसाठी असे सुमारे ४०० ‘क्रेट’ लागतात. माहितीसंच लहान असतील तर त्याहून जास्त.

शिवाय अशी दोन स्वतंत्र जाळी उभारतात. एक बंद पडले, तर दुसऱ्याला सगळा भार एकट्याने पेलता आला पाहिजे. ती क्षमता एरवी वाया गेल्यासारखी वाटते. पण संकटाच्या दिवशी आपल्या खात्यातली शिल्लक तीच सांभाळते.