लेखनाची बैठक : प्राध्यापकाची दिनचर्या आणि शोधनिबंध

शोधनिबंधाचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेक जण मे महिन्याच्या सुटीकडे बोट दाखवितात. वर्षभर तास, परीक्षा, उत्तरपत्रिका आणि प्रवेशाची कामे यांतून सलग वेळ मिळत नाही, ही तक्रार खोटी नाही. परंतु सुटीतही लेख होत नाही आणि चर्चासत्राच्या आदल्या दोन रात्री जागून पाने भरली जातात, हेही आपण जाणतो. अशा लेखाचा दर्जा वेगळा सांगायला नको. प्रकृतीच्या नुकसानीची तर कुठे नोंदही होत नाही.

येथे रियासतकार गो. स. सरदेसाई (१८६५–१९५९) यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ते विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. १८८९ मध्ये ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नोकरीत गेले आणि राजपुत्रांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. शिकवणीसाठी केलेली टिपणे साठत गेली आणि त्यांतूनच १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' व १९०२ मध्ये 'मराठी रियासत'चा पहिला खंड बाहेर पडला. निवृत्ती आली १९२५ मध्ये. म्हणजे इतका मोठा ग्रंथप्रपंच उभा राहू लागला तो शिकवण्याच्या पोटातून, नोकरी सांभाळून. आपण वर्गासाठी दरवर्षी टिपणे काढतो आणि वर्षाखेरीस ती रद्दीत देतो. त्याच टिपणांच्या समासात वर्गात निघालेली शंका, न जुळणारे दोन संदर्भ, पुस्तकाचे नाव व पान लिहून ठेवले तर अर्ध्या निबंधाची सामग्री घरातच असते.

सरदेसाईंना दुसरी जोड होती ती जदुनाथ सरकारांच्या पत्रव्यवहाराची. एक महाराष्ट्रात, दुसरे पाटणा-कोलकात्याकडे. तरी अर्धशतकाच्या आसपास ही पत्रे चालू राहिली. कागदपत्रे, तारखा, अर्थ यांवर दोघे एकमेकांना तपासत, आणि जदुनाथ काही भिडेखातर बोलणाऱ्यांतले नव्हते. आमच्या माळव्यातील सीतामऊचे डॉ. रघुवीरसिंह याच वर्तुळातले. जदुनाथांच्या मार्गदर्शनाखाली माळव्याच्या अठराव्या शतकावर लिहिलेला त्यांचा इंग्रजी प्रबंध १९३६ मध्ये ग्रंथरूपाने आला. आपला मसुदा वाचणारा असा एखादा सहकारी प्रत्येकाने शोधावा. स्तुती करणारे स्टाफरूममध्ये पुष्कळ असतात, त्यांचा येथे उपयोग नाही.

रोज लिहावे काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २७ प्राध्यापकांचे तीन गट केले. एकाने निकड नसेल तर लिहायचे नाही, दुसऱ्याने मन लागेल तेव्हा लिहायचे, तिसऱ्याने ठरलेल्या वेळी लिहायचेच. तिसऱ्या गटाची पाने अधिक झालीच, शिवाय नव्या कल्पनाही त्यांनाच अधिक सुचल्या. स्फूर्तीची वाट पाहणाऱ्यांना हे जरा झोंबेल. मात्र २७ ही संख्या लहान आहे. पुढे न्यूझीलंडमधील हेलन स्वॉर्ड यांनी शंभर अभ्यासकांच्या मुलाखती आणि बाराशेंहून अधिक प्रश्नावल्या पाहिल्या, तेव्हा नावाजलेल्यांपैकी पुष्कळ जण रोज लिहीत नाहीत असे आढळले (२०१७). म्हणून रोजचा आग्रह मी धरणार नाही. आठवड्यातील तीन ठरलेल्या वेळा, पाऊण तासाच्या, वेळापत्रकातील तासाइतक्याच पक्क्या असाव्यात. ज्या घरात स्वयंपाक, मुले आणि वृद्ध यांचे सारे एकीवरच आहे त्या भगिनींना ही वेळ घरच्यांनी काढून द्यावी लागेल. नुसत्या निश्चयाने ती निघत नाही.

बैठकीचे काम मात्र लहान हवे. कृष्णपुऱ्यातील होळकरांच्या छत्र्यांवर लिहायचे आहे, असे म्हणून बसल्यास हात चालत नाही. आज फक्त कृष्णाबाईंच्या छत्रीचे वर्णन, पुढच्या खेपेस फक्त नदीकाठच्या जागेविषयी, असे ठरविले की चालतो. उठताना पुढचे वाक्य अर्धवट लिहून ठेवावे.

मराठीतील 'मसुदा' आणि उर्दूतील 'मुसव्वदा' हा शब्द अरबीत 'काळे केलेले' अशा अर्थाचा आहे. त्याची जोडी 'मुबय्यज़ा', म्हणजे 'पांढरे केलेले', स्वच्छ प्रत. जुन्या लेखकांनी ही दोन कामे वेगळी मानली. आपण दोन्ही एकाच वेळी करू पाहतो, पहिल्याच वाक्याचे शुद्धलेखन तपासत बसतो आणि तेथेच थांबतो. काळे करताना शुद्धलेखन, तळटीपा, सुबक मांडणी बाजूला ठेवावी. अपवाद एकच : दुसऱ्याचे वाक्य उतरवून घेतले तर त्याच क्षणी अवतरणचिन्ह व पान टाकावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार साम्य दहा टक्क्यांपुढे गेल्यास कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. अशा वेळी हेतू चोरीचा नव्हता, टिपण गबाळे होते, हे सांगून फारसा उपयोग होत नाही. आयोगाची केअर यादीही २०२५ मध्ये रद्द झाली, त्यामुळे पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्यांना ओळखण्याची जबाबदारी आता पूर्णपणे आपली व आपल्या महाविद्यालयाची आहे.

शरीराकडेही पाहावे. पडद्यावर दोन लिप्यांत टंकन करणाऱ्याचे डोळे आणि मान लवकर थकते. दर वीस मिनिटांनी काही क्षण वीसेक फूट दूर पाहावे, तासाला एकदा उठावे. रात्री अकरानंतर लिहिलेला भाग दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून पाहावा. त्यातला किती ठेवावासा वाटतो, हे ज्याचे त्यानेच मोजावे.