श्रद्धा आणि तर्काची कसोटी

गुरुवार, २१ सप्टेंबर १९९५. त्या दिवशी दिल्लीतील एका देवळात गणपतीची मूर्ती दूध पीत असल्याची वार्ता पहाटेच पसरली आणि दुपारपर्यंत ती देशभर, किंबहुना परदेशांतील देवळांपर्यंत जाऊन पोहोचली. आम्ही तेव्हा रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत राहत होतो. मी शाळकरी मुलगा. आईबरोबर दुधाची वाटी घेऊन दोन तास रांगेत उभा राहिलो. मूर्तीच्या सोंडेला चमचा टेकवला आणि दूध खरोखरच कमी होत गेले.

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागातील शास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या देवळात जाऊन रंगीत दुधाचा प्रयोग करून पाहिला. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाते आणि त्याचा पातळ थर मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळतो. पांढऱ्या दुधाचा हा थर सहसा नजरेत भरत नाही. रंगीत दुधाचा मात्र लपत नाही. हा उलगडा मी आईला मोठ्या विजयी मुद्रेने सांगितला. ती शांतपणे म्हणाली, “असेल रे तसे. मी नैवेद्य दाखवायला गेले होते. देवाने तो प्यायलाच पाहिजे, अशी माझी अट कुठे होती?”

या उत्तरात, श्रोतेहो, मला पुढे पुष्कळ अर्थ दिसू लागला. मूर्ती दूध पिते, हे वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे. त्याची परीक्षा प्रयोगानेच झाली पाहिजे आणि तीत ते टिकले नाही. आईची भक्ती हे तसे विधान नव्हते, म्हणून ते खोटे ठरल्याने तिची भक्ती उणावली नाही.

मग ईश्वराचे अस्तित्व तरी तर्काने सिद्ध करता येईल काय? आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात ईश्वर अनुमानाने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. उलट, वेदांवर अढळ निष्ठा असलेल्या मीमांसकांना जगाचा कर्ता असा ईश्वर मानण्याची गरज वाटली नाही. दोन्हीही पक्ष तर्कात पारंगत होते. एवढ्या तयारीच्या पंडितांचेही जेथे एकमत झाले नाही, तेथे तर्क निर्णायक ठरेल अशी आशा बाळगणे मला धाडसाचे वाटते.

तथापि, यावरून श्रद्धेला तर्काचे बंधनच नाही असे अनुमान काढणे चुकीचे होईल. न्यायमूर्ती रानडे हे प्रार्थनासमाजाचे एकेश्वरवादी उपासक; आगरकर अज्ञेयवादी. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला मात्र दोघांनीही पाठिंबा दिला. ईश्वराविषयी त्यांचे मत जुळले नाही. पण धर्माच्या नावाने अल्पवयीन मुलीवर होणारा अन्याय बुद्धीच्या न्यायासनासमोर आणलाच पाहिजे, याविषयी त्यांच्यात दुमत नव्हते. हा आग्रह स्वस्त नव्हता. आगरकरांना जिवंतपणीच स्वतःची अंत्ययात्रा पाहावी लागली. आणि अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली.

काही वर्षांनी वडील आजारी पडले. औषधे बंद करून अमुक एक व्रत करा, असा सल्ला एका परिचिताने दिला. आईने व्रत केले. मात्र औषधाची एकही वेळ तिने चुकू दिली नाही. व्रताने तिला धीर दिला, औषधाने वडिलांचा ताप उतरला. आणि या दोहोंची कामे वेगळी आहेत, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

श्रद्धेचे समर्थन तर्काने पूर्णपणे होईल असे मला वाटत नाही. पण ती जेव्हा वस्तुस्थितीविषयी बोलते, किंवा दुसऱ्याच्या आयुष्याविषयी निर्णय घेते, तेव्हा तिने तर्काला उत्तर दिलेच पाहिजे. एवढे मान्य करणाऱ्या श्रद्धेला रंगीत दुधाचे भय बाळगण्याचे कारण नाही.